सोन्याच्या धुराची पट्टी

एक होतं बारकंसं राज्य. तिथला उन्हाळा दरसाल चढत चालला होता. दिवाण रंगोपंत म्हणाले, “ही सारी चुलींच्या धुराची करणी!” आणि त्यांनी घरोघरच्या चुलींवर धूरपट्टी बसवली. त्यांच्या स्वतःच्या चुनाभट्ट्या रात्रंदिवस धुमसत होत्या, त्यांचं मात्र नाव नाही. लोक कुजबुजत, “ऊन सूर्याचं आणि पट्टी आम्हाला!”

नाक्यावर भाकऱ्या विकणाऱ्या तानूबाईकडे पट्टीला पैसे नव्हते. शिपाई तिची चूल फोडायला आले, तेव्हा ती तडक दरबारात गेली.

“महाराज, चूल फुटली तर मी खाऊ काय?”

दिवाण उसळले. “खोटं रडते ही! माझ्या कारभारात राज्यात सोन्याचा धूर निघतोय, महाराज!”

तानूबाईने पदर सावरला. “धुराने ऊन वाढतं, हे मला पटतं बरं का. पण माझा धूर शेणाच्या गोवऱ्यांचा. मी पट्टी गोवऱ्यांत भरते. ज्यांच्याकडे सोन्याचा धूर निघतो, त्यांनी ती सोन्यात भरावी.”

राजाने दिवाणांकडे पाहिलं.

“अहो, ती नुसती बोलायची रीत आहे!” दिवाण चाचरले.

“मग माझीही पट्टी बोलण्यातच भरली म्हणा की, दिवाणजी!”

राजा खदखदून हसला. तानूबाईची चूल वाचली आणि धूरपट्टी आधी चुनाभट्ट्यांच्या दारी गेली. त्यानंतर धुराने ऊन वाढतं का, यावर गावात कुणी वाद घातला नाही. शंका उरली ती एकट्या दिवाणांना.