पाहुण्यांना तहानच नाही

आमच्या गावचं तळं बुजवून तिथे बसस्थानक बांधायचं घाटत होतं. दुसऱ्याच दिवशी नगरपरिषद निर्णय घेणार होती, म्हणून एका वाहिनीचे नामांकित निवेदक अभिराज थेट चर्चा घ्यायला वाचनालयात आले. सभागृह गच्च भरलं.

"स्थानक हवं की तळं? एका शब्दात सांगा!" ते गरजले.

दामूअण्णा उठले. "स्थानक हवंच, पण..."

"पण नको! म्हणजे तुम्ही विकासाच्या विरोधात!"

अण्णा खाली बसले. मग कुणीच उठेना. अभिराज कॅमेऱ्याकडे वळले. "पाहा प्रेक्षकहो, या गावाला मतच नाही!"

तेवढ्यात वाचनालयाच्या अध्यक्षा कुमुदताई पुढे आल्या. "घसा बसला असेल हो तुमचा. चहा घेता की कॉफी?"

"नुसतं पाणी द्या, कारण..."

"कारण नको! चहा की कॉफी? एका शब्दात सांगा! पाणी मागता म्हणजे तुम्ही चहाच्या विरोधात!"

ताई कॅमेऱ्याकडे वळल्या. "पाहा प्रेक्षकहो, पाहुण्यांना तहानच नाही!"

सभागृह खो खो हसलं. शेवटी अभिराजही हसले. ताईंनी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि माइक काढून घेतला. "तुम्ही सावकाश प्या. तोवर आमचे अण्णा वाक्य पुरं करतील."

"...पण गावाबाहेरच्या माळावर बांधा," अण्णा म्हणाले. "तळ्यावर आमच्या विहिरी जगतात."

मागून एक हात वर आला, मग आणखी बरेच. एवढ्यानं निर्णय बदलेल का, हे मला खात्रीनं सांगता येत नाही. पण पेला रिकामा झाल्यावरही अभिराजांनी माइक परत मागितला नाही.