आचार्य गाडीत निजले

एकदा एक वृद्ध आचार्य सैन्यासाठी बनवलेल्या नव्याकोऱ्या चिलखती गाडीत शिरले, आतल्या पत्र्यावर आडवे झाले आणि डोळे मिटून निजले. भर दुपारी, साऱ्या खरेदी समितीच्या देखत. गोष्ट जरा आधीपासून सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला ऊन लागले असेल.

आचार्य तरुणपणी सैन्यात होते. पुढे सैन्याच्या गाड्या पारखण्याची विद्या त्यांनी पिढ्यान् पिढ्या शिकवली. रणगाडा असो, तोफ ओढणारी गाडी असो, की डोंगरात रसद नेणारा ट्रक, नुसत्या आवाजावरून ते तिची कुंडली मांडत. त्यांचा एक शिष्य होता, मोठा बुद्धिमान. त्याला त्यांनी हातचे काही न राखता शिकवले. शिष्याने नाव काढले. वर्तमानपत्रात त्याचे सदर येऊ लागले, दूरदर्शनवर त्याचा चेहरा दिसू लागला.

आता सैन्याच्या खरेदीवर मत कुणाला नसते? ज्याला स्वतःच्या स्कूटरचे चाक बदलता येत नाही, तोही चहाच्या टपरीवर लढाऊ विमानाचे इंजिन कोणत्या देशाकडून घ्यावे हे छातीठोकपणे सांगतो. शिष्य त्यातला नव्हता. तो अभ्यास करून बोलत असे, म्हणून लोक त्याचे ऐकत. आणि लोक ज्याचे ऐकतात, त्याची चूक दुसऱ्याला भोवते.

त्या वर्षी सीमेवरच्या जवानांसाठी चिलखती गाड्या घ्यायच्या होत्या. दोन गाड्या समोर होत्या. एक जुन्या वळणाची, जड आणि मंद. शिष्याने आपल्या सदरात तिला ‘चालता गोठा’ म्हटले होते, आणि वाचक खो खो हसले होते. दुसरी एका व्यापाऱ्याने आणलेली, चपळ, देखणी, अंधारात पाहू शकणारी. आत गारवा, बसायला सुबक आसने, आणि कळ दाबताच आपोआप उघडणारे मागचे दार. हिला नाकारणे हा करंटेपणा ठरेल, असे शिष्याने लिहूनही टाकले होते. समितीत मात्र निम्मे इकडे होते नि निम्मे तिकडे. शेवटी ठरले की शिष्य जे म्हणेल ते करायचे. अखेरच्या चाचणीच्या दुसऱ्या दिवशी त्याला आपले मत द्यायचे होते.

खरे सांगायचे तर त्याचे मत आधीच ठरले होते. त्याला हवी होती ती आचार्यांची पाठीवर थाप. म्हणून अखेरच्या चाचणीच्या दिवशी तो स्वतः त्यांना आणायला गेला. आचार्यांनी नेहमीप्रमाणे मोटारीत बसण्यापूर्वी तिचे दार दोनदा उघडून मिटून पाहिले. ही त्यांची जुनी खोड होती. कुठेही गेले की आधी दार पाहायचे आणि मग दारालगतचीच जागा धरायची. शिष्याच्या लग्नातही ते दाराशी बसले होते. आचार्यांना पंगतीतून पळायची घाई असते का, असे त्याची बायको अजून थट्टेने विचारते. आचार्य त्यावर नुसते हसत.

माळावर चाचणी सुरू झाली. नवी गाडी चढ चढली, खड्डे ओलांडून गेली, जागच्या जागी वळली. टाळ्या पडल्या. व्यापारी लबाड नव्हता, हे आधीच सांगतो. लबाड असता तर गोष्ट फार सोपी झाली असती. त्याला आपल्या गाडीचा मनापासून अभिमान होता आणि त्याने आचार्यांना आदराने आत बसून पाहण्याची विनंती केली. आचार्यांनी जवानाचे जाडजूड जाकीट मागून घेतले आणि अंगात चढवले. समितीचे अध्यक्ष हेही त्यांचेच जुने विद्यार्थी. त्यांच्या कानात आचार्य काहीतरी बोलले. मग ते आत गेले, मागचे दार त्यांनी लावून घेतले आणि इंजिन बंद करायला सांगितले.

बराच वेळ झाला. शिष्याने जाड काचेतून आत डोकावले, तर आचार्य खाली पडलेले. डोळे मिटलेले, एक हात आसनाखाली दुमडलेला.

त्याने हाक मारली. उत्तर नाही. दाराची कळ दाबली. इंजिन बंद, मग दार कसले हलते? इंजिन सुरू करा म्हणून तो चालकावर ओरडला, पण चालक मान खाली घालून उभा राहिला. अध्यक्षही जागचे हलले नाहीत. या सगळ्यांना झाले आहे तरी काय, असा विचार करायचीही शिष्याला उसंत नव्हती. तो चालकाच्या बाजूने आत घुसला आणि अरुंद फटीतून खांदे घासत, सरपटत मागे पोचला. दार हाताने उघडायची दांडी तिथे होती खरी, पण ती आसनामागे अशी दडवलेली की एक गुडघा टेकल्यावाचून हात पोचेना. ती फिरवता फिरवता त्याच्या तळहाताचे सालटे निघाले, तरी दार बोटभरच सरकले. मग त्याने आचार्यांच्या काखेत हात घालून त्यांना चालकाच्या बाजूने ओढायला घेतले. काडीसारखा म्हातारा, पण निर्जीव देह किती जड होतो हे त्याला त्या दिवशी कळले. जाकीट आसनाच्या पायात अडकले. सोडवले, तर फटीत अडकले. हातभर पुढे गेले की पुन्हा तेच.

शेवटी त्याचे बळ संपले. आचार्यांचे डोके मांडीवर घेऊन तो तिथेच बसला. गाडीचा वेग, अंधारात पाहणारी यंत्रे, उद्याचे मत, यातले काहीही त्याला आठवत नव्हते. आयुष्यभर ज्यांना तो आचार्य म्हणत आला, त्यांना त्याने त्या क्षणी बाबा म्हणून हाक मारली. आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

आचार्यांनी डोळे उघडले.

“अजून मी आतच आहे, बाळ,” ते म्हणाले.

आधी शिष्याचा विश्वास बसेना. मग त्याला इतका आनंद झाला की त्याने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. आणि मग आला तो राग. म्हाताऱ्या माणसाने असा खेळ करावा का, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण आचार्यांचे डोळेही भरले होते.

“घाबरवलं तुला, क्षमा कर,” आचार्य म्हणाले. “तोंडानं सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस, मान डोलावली असतीस आणि मत तेच दिलं असतंस. बाहेरच्यांना मीच अध्यक्षांकरवी शपथ घातली होती, कुणी हलायचं नाही म्हणून. त्यांच्यावर रागावू नकोस.”

आणि मग, तिथेच शिष्याच्या मांडीला टेकून, आचार्यांनी ती गोष्ट सांगितली जी त्यांनी वर्गात कधी सांगितली नव्हती. मी या कथेत कुणाचेच नाव घेतलेले नाही. पण त्यांनी एक नाव फार जपून उच्चारले, म्हणून तेवढे सांगतो. बयाजी.

“अशाच एका गाडीत आम्ही होतो. खाली स्फोट झाला. इंजिन गेलं, दिवे गेले, आत धूर. माझे पाय हलेनात. बयाजी माझ्या शेजारी होता, त्याचा उजवा हात निकामी झालेला. डाव्या हातानं त्यानं मागचं दार ढकललं आणि पोतं ओढावं तसं मला ओढून बाहेर काढलं. एका हातानं, बाळ. त्याला ते जमलं, कारण दार रुंद होतं आणि नुसती खिट्टी उचलली की उघडत होतं. ती गाडी म्हणजे तुझ्या त्या चालत्या गोठ्याची आजी.”

शिष्याने मान खाली घातली.

“गोठ्याचं दार रुंद का ठेवतात? आग लागली तर दावं कापताच जनावर बाहेर पडावं म्हणून. ती जुनी गाडी थोर आहे असं मी म्हणत नाही. ही नवी वाईट आहे असंही नाही. लढाऊ विमान करणाऱ्यांनीसुद्धा हे जाणलं. विमान गेलं तरी वैमानिक राहावा, म्हणून त्याची खुर्चीच त्याला घेऊन बाहेर उडते. तू ही गाडी शत्रूच्या बाजूनं पाहिलीस, समितीच्या बाजूनं पाहिलीस. आत बसणाऱ्या पोराच्या आईच्या बाजूनं पाहायचं तेवढं राहिलं. ती वेग विचारत नाही रे. माझा मुलगा परत कसा येणार, इतकंच विचारते.”

अध्यक्षांनी आता इंजिन सुरू करवले. कळ दाबताच मागचे दार लोण्यातून सुरी जावी तसे उघडले आणि आत ऊन आले. दाराशी व्यापारी उभा होता, चेहरा पडलेला. दार रुंद करता येईल, दांडी हाताशी आणता येईल, पण त्याला बरेच महिने लागतील, असे तो हळू आवाजात म्हणाला. आजवर अनेकांना त्याने गाडी दाखवली होती. सगळ्यांनी आत बसून पाहिले होते. बाहेर कसे पडायचे, हे एकानेही विचारले नव्हते.

परतीच्या वाटेवर बयाजी आता कुठे असतो, एवढे शिष्याने विचारले. गावी असतो, नातवंडे आहेत, दर दिवाळीला त्याचा फोन येतो, असे आचार्य म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. घर आल्यावर शिष्याने उतरून त्यांच्या बाजूचे दार उघडले. आचार्यांनी आधी एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. शिष्य दार धरून शांतपणे उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे तो उठला. आपणच लिहिलेला लेख त्याच्यासमोर होता. उद्या लोक आपल्याला हसणार, हेही त्याला दिसत होते. तो म्हणाला, “गाडी उत्तम आहे. पण आजच्या स्थितीत ती घेऊ नये. जखमी माणूस तिच्यातून बाहेर निघत नाही.”

हे आमच्या यादीतल्या कोणत्या चाचणीवरून म्हणता, असे एका सदस्याने जरा तुटकपणे विचारले.

शिष्याने आपला सोललेला तळहात टेबलावर ठेवला. “मी माझ्या गुरूंना बाहेर काढू शकलो नाही,” तो म्हणाला.