खूण तपासणारी रानमांजरी

मांजरं उंदरांशी गोड बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका शेताच्या बांधात उंदरांची वस्ती होती. दाणे आणायला निघालेली आई पिल्लांकडून बिळाचं तोंड आतून मातीच्या गोळ्याने बंद करून घेई. परत आल्यावर तिने ठरलेली खूण केली, तरच पिल्लं गोळा सरकवत.

एकदा रानमांजरी राखणदाराचा बिल्ला म्हणून गळ्यात पळसाचं पान अडकवून आली. "बायांनो, चोऱ्या फार वाढल्यात. तुमची खूण पक्की की कच्ची, फुकट तपासून देते."

प्रत्येकीला आपल्या खुणेचा भारी अभिमान. "माझी ऐका! दोनदा शेपटी आपटायची नि एकदा शिंकायचं," म्हणत सखूमावशी पुढे झाली. मागे रांगच लागली.

रांगेतल्या टिचकी उंदरीची पिल्लं बिळात एकटी होती. तिच्या मनात आलं, राखण करणारीला खूण कशाला हवी?

"ताई, माझं बीळ निवडुंगापाशी," ती लाडात म्हणाली. "तोंड आत घालून जोरात फुंकायचं. पिल्लं मात्र फार गुबगुबीत झालीत हो!"

रानमांजरी आधी तिकडेच धावली. ते बीळ साळिंदराचं होतं. झोपमोड झाली की तो पाठ करूनच बाहेर येई. नाकभर काटे घेऊन ती रानात पळाली, तोवर टिचकीने सगळ्यांना खुणा बदलायला लावल्या.

"हुशार गं बाई!" सखूमावशी कानाशी येऊन कुजबुजली. "आता मला तरी सांग, तुझी खरी खूण कोणती?"

टिचकी म्हणाली, "मावशी, साळिंदर अजून जागाच आहे हं."