पावाचा वजीर

समुद्र इतका गोठायचा की लग्नाचं वऱ्हाड त्याच्यावरून चालत जायचं, त्या काळातली ही गोष्ट. एस्टोनियातल्या एका बेटावर कोळ्यांचं गाव होतं. हिवाळ्यात होड्या किनाऱ्यावर पालथ्या पडायच्या आणि पुरुष धुरीच्या खोपटात बुद्धिबळ मांडून बसायचे. गावाचा एक नियम होता: बाईने मोहऱ्याला हात लावायचा नाही. लावला, तर होडी परत येत नाही. आणि असं का, ते विचारायचं नाही.

साल्मे नावाची मुलगी त्याच खोपटात मासे धुरीवर टांगायची. टांगता टांगता डाव बघायची. एकदा तिने विचारलंच, "गेल्या वर्षी दोन होड्या बुडाल्या. तेव्हा कुठल्या बाईनं हात लावला होता?"

"मासे बघ, मासे!" म्हातारा कारेल खेकसला. "नाहीतर तुझी जीभ टांगीन धुरीवर!"

घरी तिच्या आईने, लेनाने, हे ऐकलं. तिने राय नावाच्या धान्याचं काळं पीठ मळलं आणि राजा, वजीर, घोडे, प्यादी भट्टीत भाजून काढली. अर्धी गव्हाच्या कोरड्या पिठात घोळवून पांढरी केली.

"हा पाव आहे," ती म्हणाली. "पावाला हात लावायला कोण अडवतंय बघू."

त्या हिवाळ्यात चूल कितीदा थंड राहिली, पण मायलेकींनी एक प्यादंसुद्धा खाल्लं नाही, असं म्हणतात.

पुढे साल्मे बर्फावरून चालत शहरात गेली आणि भल्याभल्यांना मात देत सुटली. तिच्या खिशात पावाचा काळा वजीर असायचा. त्याला कधी बुरशी धरली नाही, आणि डाव अडला की तो भट्टीतून नुकता काढल्यासारखा ऊन व्हायचा, असं म्हणतात. जिंकली की ती एकच नाव घ्यायची. लेना.

देशाची अजिंक्य खेळाडू होऊन ती गावी आली, तेव्हा कारेलने स्वतः स्टूल पुसलं. "बस पोरी. गावाचं नाव काढलंस. तुला नियम नाही."

"आणि ह्यांना?" धुरीपाशी मुली उभ्या होत्या, हातांना खवले चिकटलेले.

"त्यांचं वेगळं."

"मग मी नाही बसत, आजोबा. माझ्या आईनं मला एकटीला सूट मिळावी म्हणून पीठ मळलं नव्हतं."

तिने वजीर काढून सर्वांत धाकट्या मुलीच्या हातावर ठेवला. म्हातारे गप्प झाले. त्या पोरीने वजीर पटावर त्याच्या घरात ठेवला आणि त्याच्यापुढचं प्यादं सरकवलं.

वसंतात एकूण एक होडी परत आली, असं म्हणतात.

अजूनही समुद्र गोठला की तिथे घरोघरी पावाचे मोहरे भाजतात, आणि डाव झाल्यावर लेनाचं नि साल्मेचं नाव घेऊन वाटून खातात. पहिली खेळी गावातली सर्वांत लहान मुलगी करते. ती हवा तेवढा वेळ घेते. आणि तोवर म्हाताऱ्यांनी, खोकला आला तरी, गप्प बसायचं असतं.