जीपचं मागचं दार आणि हट्टी बोल्ट

मोटारी नुकत्याच बोलायला शिकल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. एका जीपचं मागचं दार नीट लागेना. जो तो ते धाडकन आपटायचा आणि वर दारालाच शिव्या द्यायचा.

हातोडा म्हणाला, "दोन टोले हाणतो, मग बघू कसं लागत नाही ते!"

दार कळवळलं, "बोल्टदादा, बिजागरीत तूच मला तिरकं धरलंयस. जरा सैल हो ना!"

"मी? बसवल्यापासून तसूभर हललो नाही मी!" बोल्ट गुरकावला. पण हातोडा उगारला गेला, तसं बोल्टाला कळून चुकलं. चूक त्याची, मार दाराला!

"पान्या, मला सैल कर!" तो हातोड्याशेजारच्या पान्याला ओरडून म्हणाला.

पान्यानं बोल्ट सैल केला, दार केसभर वर सरकलं आणि त्यानं बोल्ट पुन्हा आवळला. वाऱ्याची झुळूक आली आणि टक्! दार चपखल बसलं.

हातोडा चक्रावला. "टोल्याशिवाय? कुणी केलं हे?"

दार ऐटीत म्हणालं, "जो कधी हलत नव्हता, त्यानं!"