डोहात पाणी किती हात

माझी शाळा सातवीतच सुटली. शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या. पेपरात शास्त्रज्ञांचे वाद वाचून ही गोष्ट सुचली.

फार मागे एका डोहाचं पाणी उन्हाळ्यात उतरू लागलं. मासळीच्या पोटात अंडी होती. नदीकडची खडकातली फट बुडालेली होती, तोवरच तिला बाहेर पडता येणार होतं. तिने विचारलं, "थांबू की जाऊ?"

बेडकाने बुडी मारली. "थांब. फटीवर आठ हात पाणी आहे."

खेकडा हसला. "दोनच हात आहे. बेडूकराव, शाळेत गेला होता का कधी?"

"कोणाच्या हाताने मोजलंत?" मासळीने विचारलं. कोणी ऐकलं नाही. सभा भरली, दोन तट पडले, चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी थकलेल्या कासवाने बेडकाचा हात खेकड्याच्या नांगीशेजारी ठेवला. नांगी चौपट भरली.

"म्हणजे दोघंही बरोबर," खेकडा म्हणाला. "चला, आता एकाच हाताने पुन्हा मोजू."

"कशाला?" मासळी म्हणाली. "फट कालच कोरडी पडली."

हे लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या तळ्यात खुणा केलेली एक काठी रोवून आलो.