बाळंतिणीचे रक्त चाखणारी जळू

वासरू उजव्या कुशीला उभे होते, मग थोरली ताई डावीकडे मान वळवून कोणाकडे बघत होती?

डोंगराच्या पायथ्याशी गाईंचा एक कळप चरत असे. त्यातला एक गोऱ्हा हा प्रश्न सगळ्यांना विचारत फिरे. त्याची थोरली बहीण चौथ्या वेताला व्याली, तेव्हा कळपाच्या रिवाजाप्रमाणे झाडून सगळी वासरे तिचा चीक प्यायला धावली. कास रिकामी झाली. मग ती खाली बसली आणि तिने मान वळवली. सगळ्या म्हणाल्या, "बघा, लेकराला कशी डोळे भरून बघतेय!" ती पुन्हा उठली नाही. गोऱ्ह्याने विचारले की गाई शेपटीने माशा उडवत पुढे चरायला जात.

आणि आता मधली बहीण व्याली! काय गोंडस कालवड झाली मुलांनो, कपाळावर पांढरा टिळा! सगळा कळप हंबरू लागला. गोऱ्हा मात्र उधळला तो थेट पाणवठ्यावर. तिथे एक खादाड जळू राहत होती. जो पाण्यात पाय घालील त्याचे रक्त ती चाखे आणि वर नावेही ठेवी.

"जळूबाई, माझ्या मधल्या ताईचं रक्त ठीक आहे का, सांग ना!"

"नुसतं एकीचं चाखून काय सांगू? आधी धडधाकट रक्ताची चव तोंडात हवी. आण कुणालातरी."

गोऱ्ह्याने धाडकन आपलाच पाय पाण्यात घातला. "हे घे! पी पोटभर!"

"पोटभर नको. ताईसाठी जागा ठेवते," जळू म्हणाली आणि पायाला चिकटली. तसाच तो धावत परत आला.

"बाळंतिणीला जळू लावतोस?" म्हातारी गाय खेकसली. "भाऊ आहेस की वैरी?"

"लावू दे हो आजी," मधली हसली. "नाही म्हटलं तर दिवसभर डोकं खाईल. पण वेड्या, मला झालंय काय? कान बघ कसे ताठ आहेत!"

जळूने चाखले आणि तोंड वाकडे केले. "तुझं कसं झणझणीत होतं! हिचं अगदी सपक. रक्तातला चुना चिकात उतरतोय. कास रिकामी केलीत तर आणखी उतरेल आणि ही मान वळवून बसेल, कुणाकडे बघायला नव्हे, त्राण नसल्यामुळे."

"ती तर उभी आहे!" म्हातारी म्हणाली.

"म्हणून तर आत्ता सांगतेय. बसल्यावर सांगून काय उपयोग?"

गोऱ्हा शिंगे खाली करून वासरांच्या घोळक्यात घुसला. "चला, निघा! एकट्या कालवडीने प्यायचं, तेही पोटापुरतं!" वासरे चौखूर पळाली. थोरलीचे पोरके वासरू तेवढे कासेपाशी रेंगाळले. त्यालाही त्याने ढुसणी दिली.

"अरे, ते तुझ्या थोरलीचं ना रे!" म्हातारी ओरडली.

तो थांबलाच नाही. कड्यावर जाऊन त्याने शिंगांनी चुनखडी फोडली, एका शिंगाचे टोक तुटले, आणि तोंडात ढेकूळ धरून तो परत आला.

"शी! काय घाण चव आहे रे!"

"चाट गं ताई! चाट!"

मधली चाटत राहिली. जळूने पुन्हा चाखले, अजून सपकच. गोऱ्ह्याने आणखी ढेकळे आणली. असे होता होता एके सकाळी जळू ओरडली, "आलं, चवीला आलं! अगदी भावासारखं!" मधली शेपूट उभारून कालवडीमागे पळाली आणि गोऱ्ह्याने अशी उडी मारली की म्हातारी चिखलाने माखली!

पुढे मधलीला भरपूर दूध येऊ लागले. गोऱ्ह्याचे वशिंड भरले होते. असे झाले की गोऱ्ह्याने कळप सोडून टेकडीपलीकडे जायचे असते. निघण्याआधी त्याने थोरलीचे वासरू हुडकले. त्याला पाहताच ते मागे सरले. गोऱ्ह्याने त्याचे कपाळ चाटले, त्याला हळूच ढकलत मधलीच्या कासेपाशी नेले आणि ते चुरूचुरू पिऊ लागेपर्यंत तिथेच उभा राहिला.

तात्पर्य : बाळंतीण हसतखेळत उभी असतानाच तिच्या रक्ताची विचारपूस करा, ती मान वळवून बसल्यावर उशीर झालेला असतो.